राखायची खोली

ओट्यावर दुधाचा ग्लास होता. निम्मा प्यालेला. तो मी ठेवलेला नव्हता, कारण मी दूध पीतच नाही. घरात दूध येतं ते कॉफीपुरतं, आणि कॉफी मी कपात पिते. मी नुकती ऑफिसातून आलेली, हातात किल्ल्या, खांद्यावर पर्स, दिवसभर गाड्यांच्या नंबरपाट्या देऊन आणि लोकांची कुरकुर ऐकून डोकं पिकलेलं, आणि मागचं दार वीतभर उघडं. बाकी सगळं जागच्या जागी. टीव्ही होता, माझ्या गेलेल्या नवऱ्याचं, हार्लनचं, मनगटी घड्याळ होतं, फ्रीजवरच्या डब्यातले पैसे होते. म्हणजे कोणीतरी भर दुपारी माझ्या घरात शिरलं, कपाटातून ग्लास काढला, फ्रीज उघडून दूध ओतलं, निम्मं प्यालं आणि आल्या वाटेने निघून गेलं. ग्लासच्या काठावर ओठांचा ठसा होता. मी त्याला हात लावला नाही. नुसती समोर उभी राहिले, आणि छाती अशी धडधडायला लागली की कानात ऐकू यावी. आता इथे मला भीती वाटली असं सांगितलं की सगळ्यांना बरं वाटतं. पोलिसाला मी तसंच सांगितलं, मुलीलाही तसंच. पण ती धडधड माझ्या ओळखीची होती. शनिवारी नेमबाजीच्या क्लबात माझं नाव पुकारतात, मी रेघेवर उभी राहते आणि भोंगा वाजायची वाट बघते, तेव्हा होते तीच. आणि त्या धडधडीत माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: अगं बाई, आता मला बंदूक घेता येईल!

इतकी लाज वाटली म्हणून सांगू! परका माणूस घरात शिरून गेलाय आणि ही एकसष्ट वर्षांची बाई मनातल्या मनात उड्या मारतेय. पण माझंही ऐका. दोन वर्षं मी लोकांच्या बंदुका मारत होते. हार्लन गेल्यावर मी ऑफिसातून घरी आणि घरातून ऑफिसात एवढीच उरले होते, तेव्हा ऑफिसात माझ्या शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या ट्वायलाने मला अक्षरशः ओढत क्लबात नेलं. आमच्या क्लबाची रीत अशी की कोणाच्या बंदुकीला चांगली म्हटलं रे म्हटलं की तो माणूस ती उघडून, रिकामी असल्याचं दाखवून, तुमच्या हातात ठेवतो आणि वर स्वतःच्या खिशातली काडतुसं देतो. मारून बघ की, लाजतेस काय. असं करत करत निम्म्या टल्सा शहराच्या शॉटगन मी मारून बसले होते. स्वतःची घ्यायची म्हटलं की मात्र हात आखडायचा. आमच्या घरात वस्तू यायची ती गरज म्हणून. हौस ही दुसऱ्यांच्या घरी असते असं हार्लन म्हणायचा, आणि ते चेष्टेत म्हणायचा नाही. त्याची स्वतःची जुनी, दर वेळी हाताने पंप ओढायची बंदूक त्याच्या भावाने नेली तेव्हा मी मान डोलावली, कारण मला कशाला हवी होती? आणि आता कोणा अनोळखी माणसाने निम्मा ग्लास दूध पिऊन माझ्या हौसेची गरज करून टाकली होती. त्याचे आभार मानावेत असं क्षणभर वाटलं, आणि मग मी दार लावून पोलिसांना फोन केला.

पोलीस आला, पोरसवदा होता. काय गेलंय, त्याने विचारलं. अर्धा ग्लास दूध, मी म्हटलं. तो हसला, मग ओशाळला, कुलूप बदला म्हणाला आणि गेला. संध्याकाळी डॅलसहून कोरीनचा फोन. माझी एकुलती एक मुलगी, चौतीस वर्षांची, आणि मी आठ वर्षांची असल्यासारखी माझ्याशी बोलते.

"आई, बस झालं. आता ते घर विकायचं."

"दुधाच्या ग्लासासाठी?"

"चेष्टा नको. उद्या तो परत आला तर? तू एकटी असतेस. माझ्याकडे ये."

"तुझ्याकडे काय आहे? पार्किंगमधनं लिफ्टने वर जायचं, लिफ्टने परत पार्किंगमध्ये यायचं."

"विषय बदलू नकोस."

"मी बंदूक घेतेय," मी म्हटलं.

कोरीन बंदुकीला घाबरत नाही, ती ओक्लाहोमाचीच पोर आहे. तिला काळजी वाटली ती माझ्या आवाजाची, तो जरा जास्तच खूश आला असावा. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. महिनाअखेरच्या रविवारी मी येते, एजंटला घेऊन येते. त्या घरात तू एकटी नीट राहू शकतेस, स्वतःला सांभाळू शकतेस, हे मला पटलं तर मी घराचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही पटलं तर मुकाट्याने विकायचं. कबूल?" कबूल, मी म्हटलं. मी फोन ठेवला. एकीकडे घर, एकीकडे बंदूक, मध्ये महिना. इतकं जिवंत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

व्हर्लिनचं बंदुकांचं दुकान जुन्या हमरस्त्याला लागून आहे. व्हर्लिन हा हडकुळा माणूस, आयुष्यभर बंदुका मारल्यामुळे दोन्ही कानांत मशीन, आणि ऐकायचं नसलं की ते बंद करतो. शनिवारी तोही आमच्याच क्लबात येतो. मी काउंटरवर कोपरं टेकली आणि एका दमात सगळं सांगितलं: दूध, दार, कोरीन, रविवार.

"घर राखायचंय की शनिवारी जिंकायचंय, नेडीनबाई?"

"दोन्ही."

"दोन्ही करणारी बंदूक आणि दोन्ही करणारा नवरा. रोज कोणीतरी विचारत येतं. मी ठेवत नाही."

"मग जे ठेवता ते काढा."

त्याने काढलं. एकामागून एक, प्रत्येक वेळी बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत बसवणारा लोखंडी दांडा, मागे ओढायचा, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री करायची, मला दाखवायची आणि मगच हातात द्यायची. मीही घेताना परत बघायची. हे चालू असताना माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं, खोटं कशाला सांगू. एक होती गॅसवर चालणारी: सुटलेल्या काडतुसाच्याच धुराने बोल्ट मागे ढकलला जातो, खांद्याला धक्का कमी, पण आतून काजळी धरते आणि साफ करायला जीव नकोसा होतो. दुसरी धक्क्यावर चालणारी: बंदूक खांद्यात मागे येते तेवढ्यानेच बोल्ट फिरतो, आत स्वच्छ, वजनाला हलकी, पण धरणाऱ्याने ती घट्ट धरली पाहिजे, ढिला खांदा तिला चालत नाही. मग नळी. घरासाठी आखूड, दारांतून वळते. शनिवारसाठी लांब, कारण लांब नळी आपली आपण पुढे सरकत जाते, निशाणाच्या एका ताटलीवरून पुढच्या ताटलीवर, हाताला फक्त सोबत जावं लागतं. मग दस्ता, जो पुरुषांच्या हाताच्या मापाने केलेला असतो आणि माझ्या काखेत अडकतो. मग खालचं तोंड, जिथून काडतुसं आत ढकलायची; ते अरुंद असलं की अंगठ्याचं साल निघतं. मी प्रत्येक बंदूक खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकला, डोळे मिटले, उघडले आणि बघितलं की नजर सरळ नळीवरून जाते की नाही. लांब नळीच्या, धक्क्यावर चालणाऱ्या एका बंदुकीला मी गाल टेकला आणि डोळे उघडले तर नजर अशी सरळ, कोणी आखून दिल्यासारखी. मी ती खाली ठेवली आणि मुद्दाम आखूडकडे वळले. घरासाठी घ्यायची आहे ना, नेडीन, मी स्वतःला दटावलं. व्हर्लिनने माझा चेहरा वाचला असणार, कारण लांब बंदूक त्याने परत कपाटात ठेवली नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे डोक्यात नुसती जत्रा. खिडकीवर लोक येत, मी त्यांची जुनी पाटी घेई, नवी देई, आणि आत चाललेलं असे: गॅस की धक्का? आखूड की लांब? एका माणसाला मी ट्रेलरची पाटी मोटारसायकलसाठी दिली. ट्वायला शेजारून म्हणाली, "हिला प्रेम झालंय, माफ करा," आणि पाटी बदलून दिली. घरी आले की मी सरावाची खोटी काडतुसं घेऊन हॉलमध्ये बसे, ट्वायलाकडून आणलेली नारिंगी रंगाची, ज्यांत दारू नसते. एका मुठीत चार धरायची, दोन दोन करून बुटांच्या खोक्याला पाडलेल्या फटीतून आत ढकलायची, नजर खाली न नेता. पहिल्यांदा ती गालिच्यावर घरंगळली. नंतर नंतर बोटांनाच कळायला लागलं. अंगठ्याखाली काडतुसाचं पितळी बूड आलं की पोटात गुदगुल्या व्हायच्या. मी एकटीच हसायची आणि लगेच तोंडावर हात ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून.

या घरात आवाज करायचा नाही. हार्लन नदीपलीकडच्या तेलाच्या कारखान्यात तीस वर्षं रात्रपाळी करत होता. माझा सगळा संसार एका झोपलेल्या माणसाच्या अवतीभवती गेला. सकाळी तो यायचा, डोळे लाल, कानामागे तेलाचा वास, आणि मी बेडरूमचे जाड काळे पडदे ओढायची, आणि तिथून घर पायाच्या बोटांवर चालायला लागायचं. खुर्च्यांच्या पायांना मी फेल्टच्या जाड कापडाचे तुकडे चिकटवले होते. कपाटांची दारं लावताना शेवटच्या क्षणी बोट मध्ये घालायची. फोनवर उशी. टीव्ही मुका. कोरीन बोलायला शिकली तीच कुजबुजत. बालवाडीतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, हिच्या घशाला काही झालंय का. तो वाईट माणूस नव्हता हो. कधी ओरडला नाही. त्याच्या झोपेवर आमचं अन्न अवलंबून होतं, आणि तापलेल्या पाइपावर भाजलेले त्याचे हात बघितले की माझाच आवाज आपोआप खाली यायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, आणि फेल्टचे तुकडे अजून खुर्च्यांना आहेत. मी अजून मुका टीव्ही बघते. ते माझ्या लक्षातही येत नव्हतं, ते लक्षात आणून दिलं शनिवारने.

शनिवारी व्हर्लिनने ती लांब बंदूक क्लबात आणली. आणली म्हणजे, सहज आणल्यासारखी दाखवली. "मारून बघा. नाही म्हणायला पैसे पडत नाहीत." ऊन लखलखीत, वारा दक्षिणेकडून, जमिनीवर रिकाम्या काडतुसांचा लाल-हिरवा सडा, आणि तो जळलेल्या दारूचा वास, जो मला पावाच्या वासासारखा भूक लावतो. समोर लोखंडी ताटल्यांची रांग. माझं नाव पुकारलं. पंचाने सांगितलं, भरा आणि तयार राहा. मी खालून काडतुसं भरली, एक वरून आत ठेवलं, बोल्टची मूठ धरली आणि अलगद, अगदी हाताने पोचवत, पुढे नेऊन लावली. काही आवाज झाला नाही. भोंगा वाजला. मी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकला, पहिली ताटली डोळ्यांत भरली, चाप ओढला.

टिक्.

एवढंच. ताटली जागेवर, वारा वाहतोय, मागे कोणाची तरी खुर्ची कुरकुरली. "ओढा! बोल्ट ओढा!" ट्वायला ओरडली. मी बोल्ट मागे ओढला, काडतूस उडून बाहेर पडलं, दुसरं आत गेलं आणि मग बंदूक बोलायला लागली, आणि काय बोलली! धाड, ताटली पडली. धाड, दुसरी. तिसऱ्या-चौथ्याकडे ती स्वतःच गेली, मी नुसती तिच्या मागे. पण शर्यत गेली होती. मी बंदूक उघडली, रिकामी करून पंचाला दाखवली आणि लालेलाल चेहऱ्याने परत आले.

"बंदूक बिघडली," मी म्हटलं.

"बंदुकीला काही धाड भरली नाही," व्हर्लिन म्हणाला. तो मला बाजूच्या टेबलाकडे घेऊन गेला, जिथे बंदूक हाताळता येते पण काडतूस न्यायचं नाही. "बोल्ट कसा लावलात? परत लावून दाखवा."

मी दाखवला. अलगद.

"अहो बाई, बाळ झोपलंय का इथे? या जातीच्या बंदुकीचं बोल्टचं डोकं शेवटी फिरून बसतं. हळू सोडलात तर ते बसतच नाही, आणि मग चाप ओढला तरी नुसता टिक्. तिला मागे ओढायचं आणि सोडून द्यायचं. हातच काढून घ्यायचा."

मी मागे ओढला. मूठ हातात होती आणि बोटं सुटेनात. खरंच सुटेनात. सोडायचं कसं हे हाताला माहीतच नव्हतं. कपाटाचं दार, फ्रीज, बाथरूम, तीस वर्षं हा हात प्रत्येक गोष्टीला शेवटपर्यंत पोचवायला गेला होता. ट्वायला बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिला काय कळलं कोण जाणे, ती हळूच म्हणाली, "सोड गं. कोणी उठत नाही." मी हात काढून घेतला. खाडकन बोल्ट बसला. तो आवाज माझ्या दातांत उतरला, कोपरात उतरला. मी परत ओढला, परत सोडला. खाडकन! आणि मला हसू फुटलं, मोठं, गडगडाटी, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले तरी थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येतंय हे मला कळत होतं आणि त्याचीही मला मजाच वाटत होती.

"ही घेते," मी म्हटलं.

"थांबा," व्हर्लिन म्हणाला. "ही लांब आहे. तुमच्या मुलीला हिने पटवणार? आधी मला सांगा, तुमची खोली कुठली?"

"कुठली खोली?"

"घरात माणूस शिरला तर बंदूक घेऊन घरभर त्याला शोधत फिरायचं नसतं. एक खोली ठरवायची. तिथं जायचं, दार लावायचं, पलंगामागे बसायचं, पोलिसांना फोन करायचा, नळी दाराकडे. बाकीचं घर त्याचं. टीव्ही नेऊ दे, चमचे नेऊ दे. पण ती एक खोली तुमची. ती राखायची. आणि त्या खोलीवरून बंदूक ठरते, बंदुकीवरून खोली नाही. तर तुमची कुठली?"

मी मनातल्या मनात घरभर फिरून आले आणि खांदे उडवले.

"घरी जा, झाडूचा दांडा घ्या, आखूड बंदुकीएवढा एक तुकडा कापा, लांब बंदुकीएवढा एक, आणि चालून बघा. भिंतीपलीकडे काय आहे तेही बघा. आपली घरं पुठ्ठ्याची, मोठे छर्रे भिंतीतून पार जातात."

तर रविवारी दुपारी मी आणि ट्वायला झाडूचे दांडे घेऊन माझ्या घरात. ट्वायला चोर झाली. तिला चोराचं काम इतकं आवडलं की ती स्वयंपाकघरात जाऊन मी केलेला पीकान पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, कापून खायला बसली. "मी चोर आहे आणि मला भूक लागलीय. तू कुठे आहेस, म्हातारे? ये की!"

"मी यायचं नसतं. मी खोलीत असते."

"कुठल्या?"

मी बेडरूममध्ये गेले, पलंगामागे गुडघ्यावर बसले, लांब दांडा दाराकडे धरला. तो दाराच्या कडेला ठकठक आपटला. आखूड बरोबर वळला. दार उघडं ठेवून नजर लावली तर समोर बोळ, बोळाच्या टोकाला भिंत. भिंतीपलीकडे कोरीनची खोली. ट्वायला पीकान पायचा घास घेऊन बोळात आली. "मार. मी मेले. मागच्या खोलीत कोण असतं?" "कोणी नाही." "मग झालं तर. बेडरूम ठरली. आखूड घे." आणि ती खुर्चीवर बसून उरलेला पीकान पाय खायला लागली. मी हो म्हटलं. पण मी खोटं बोलत होते.

ती गेल्यावर मी परत चालले, दांडा हातात, एकटीच. बेडरूम. काळे पडदे. पलंगाची त्याची बाजू अजून खोल. मी पलंगामागे बसले आणि स्वतःला विचारलं, दाराबाहेर माणूस आहे, हातात खरी बंदूक आहे, या खोलीसाठी तू चाप ओढशील? हिच्यात काय आहे? अंधार आहे. दुसऱ्याची झोप आहे. मी उठले. हॉलमध्ये गेले, त्याची मागे रेलायची खुर्ची, माझा मुका टीव्ही. नेऊ दे. स्वयंपाकघरात मी किती वर्षं उभी राहिले, भांडी पाण्यात बुडवून धुतली, वाजू नयेत म्हणून. कोणी येऊन तिथे दूध प्यायला तर प्यायला, तहान लागली असेल. कोरीनच्या खोलीत तिचा लहानपणचा पलंग, खिडकीला फिकट निळा रंग, कपाटात तिच्या शाळेच्या बॅंडचा ढोल, जो या घरात कधी वाजला नाही. ती तो वाजवायला बसस्टॉपवर जायची. मी दारात उभी राहिले आणि वाट बघितली. आतून काहीतरी उठेल, हात घट्ट होईल, ही माझी, हिला हात लावशील तर बघ. असं आईला वाटायला पाहिजे ना? उठलं नाही. मी दगड झालेय की काय असं वाटलं. मी तिथेच गालिच्यावर बसले. आणि बसल्या बसल्या हळूहळू लक्षात आलं की या घराची राखण मी करून बसलेय. तीस वर्षं केली, हातात काही नसताना केली, एकही आवाज न करता, आणि जे राखायचं होतं ते एका माणसाचं दिवसाचं झोपणं होतं. ते मी नीट राखलं. तो पोटभर झोपला. आता राखायला इथे काही उरलेलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, तर अंगावर काटा आला आणि छातीत तीच धडधड, भोंग्याच्या आधीची. मी उठले, दांडे कोपऱ्यात टाकले, किल्ल्या घेतल्या. मग आठवलं, रविवार आहे, व्हर्लिनचं दुकान बंद. सोमवारची दुपारची सुट्टी होईपर्यंत मी कशी थांबले ते माझं मला माहीत.

"खोली ठरली?" व्हर्लिनने विचारलं.

"लांब द्या," मी म्हटलं. त्याने कानातल्या मशीनला हात लावला, नीट ऐकू आलं का याची खात्री केल्यासारखा, आणि दस्ता माझ्या हाताच्या मापाने कापायला घेतला.

महिनाअखेरच्या रविवारी कोरीन आली. एजंटबाई बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत राहिली, दहा मिनिटं द्या म्हणाली. कोरीनने आत आल्या आल्या नवी कुलपं वाजवून बघितली, मागच्या दाराची कडी बघितली, मग टेबलावरची बंदूक. मी उघडून रिकामी दाखवली, मग तिच्या हातात दिली. दाखवायची इतकी घाई झाली होती की मी एका श्वासात चार काडतुसांची मूठ, दस्ता, ताटल्या सगळं सांगत सुटले. तिने बंदूक खांद्याला लावली आणि नळीचं टोक दिव्याला लागलं.

"आई, ही घर राखायला? ही दारातून तरी वळते का?"

"नाही वळत."

"मग मला काय पटवणार होतीस?"

"काहीच नाही. विकून टाक घर."

ती बघतच राहिली. मग आनंदली, मला मिठी मारली, डॅलसची खोली कशी लावणार ते सांगायला लागली. तिला मध्येच थांबवून मी म्हटलं की मी डॅलसला येत नाहीये, ट्वायलाच्या गॅरेजवर एक खोली आहे, तिच्या कंपाउंडात दोन कुत्री आहेत, आणि शनिवारी क्लबात जायला सोपं पडतं. त्यावर ती भांडली, पण हसत भांडली. अर्धं जिंकल्याच्या खुशीत होती. भांडता भांडता तिने विचारलं की हे एकदम कसं ठरलं, आणि मी तिला व्हर्लिनचा प्रश्न सांगितला, झाडूचे दांडे सांगितले, ट्वायलाने खाल्लेला पीकान पाय सांगितला. ती पोट धरून हसली.

"मग कुठली खोली निवडलीस?"

"एकही नाही."

तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं. "एकही नाही म्हणजे? माझीसुद्धा नाही?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण इतके दिवस मी जी बंदूक हाताळत होते ती अर्धवट लावून चालत नाही, आणि मला आता तशीच सवय लागली होती. "तू त्या खोलीत नाहीस ना गं," मी म्हटलं.

तिने बंदूक टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे करून, शिकवल्यासारखी. आणि बोळातून आत गेली. मी मागोमाग गेले. ती लहानपणच्या पलंगावर बसली होती, बुटांसकट, हात मांडीवर, आणि ती बोलली तेव्हा कुजबुजत बोलली.

"नको विकूस, आई."

"अगं, तूच तर म्हणत होतीस."

"मला माहितीय मी काय म्हणत होते. मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडशील आणि मी हरेन."

बाहेर एजंटबाईने गाडीचं दार लावलं आणि तिची पावलं पायऱ्यांवर आली. मी कोरीनच्या शेजारी बसले. महिनाभर हे घर राखायला मी बंदूक शोधत होते, आणि आता माझ्या चौतीस वर्षांच्या मुलीचा हात धरून मी तिला समजावत होते की चल, ऊठ, बाहेर जाऊ, इथे आता कोणी झोपलेलं नाही, मोठ्याने रड.